पडद्यावरचे ‘सैराट’, वरातीतले ‘झिंगाट’

२०२५ च्या पावसाळ्यात अवघ्या दोन आठवड्यांच्या अंतराने दोन हिंदी प्रेमकथा चित्रपटगृहांत आल्या. १८ जुलै रोजी मोहित सुरी यांचा ‘सैयारा’ प्रदर्शित झाला आणि १ ऑगस्ट रोजी शाझिया इक्बाल यांचा ‘धडक २’. पहिल्या चित्रपटाने देशभरातील तरुणाईला अक्षरशः रडविले. चित्रपटगृहात हुंदके देणाऱ्या मुलामुलींच्या चित्रफिती मोबाइलवरून घरोघरी पोहोचल्या आणि देशांतर्गत कमाईने ३०० कोटींचा टप्पा ओलांडला. दुसऱ्या चित्रपटाचे अनेक समीक्षकांनी कौतुक केले. मात्र त्याचे उत्पन्न पहिल्याच्या दहाव्या हिश्शापर्यंतही पोहोचू शकले नाही. वास्तविक ‘सैयारा’चे नायक-नायिका तुलनेने नवखे होते, तर ‘धडक २’ मधील सिद्धांत चतुर्वेदी आणि तृप्ती डिमरी ही नावे प्रेक्षकांच्या परिचयाची होती.

चित्रपटाच्या यशापयशाला संगीत, प्रसिद्धी, निर्मितीसंस्थेची ताकद अशी अनेक कारणे असतात, हे मान्य केले तरी या दोन कथांमधील एक फरक नजरेआड करता येत नाही. ‘सैयारा’तील प्रेमात अडसर येतो तो स्मृती हिरावून घेणाऱ्या आजाराचा. नायकाचे आडनाव कपूर आणि नायिकेचे बत्रा. या दोघांच्या घरच्यांनी एकमेकांच्या पंगतीला बसण्यास कोणाचीच हरकत असण्याचे कारण नाही. ‘धडक २’ मधील विधी भारद्वाज आणि नीलेश अहिरवार यांच्या आडनावांतच त्यांच्या प्रेमाचे भवितव्य लिहिलेले आहे. प्रेक्षक पहिल्यासाठी रडला, दुसऱ्याकडे मोठ्या संख्येने फिरकला नाही. आजार हा कोणाचाच दोष नसतो. त्यावर निर्धास्तपणे अश्रू ढाळता येतात. जात मात्र प्रेक्षकाच्या स्वतःच्या घरात राहते. भारतीय पडद्यावरील प्रेमकथेचे सारे मर्म या फरकात सामावलेले आहे, आणि ते समजून घेण्यासाठी नागपूरइतके योग्य शहर दुसरे क्वचितच सापडेल.

अडथळ्यांची निवड

प्रेमकथा म्हटली की अडथळा आलाच. अडथळ्यावाचून कथा नाही. तथापि, कोणता अडथळा दाखवायचा आणि कोणता झाकून ठेवायचा, ही निवड चित्रपटकार करीत असतात आणि त्या निवडीतून समाजाचे मन उघड होते. बोलपटाच्या आरंभीच्या काळात ही निवड आजच्यापेक्षा धीट होती, हे आश्चर्यकारक वाटेल, पण सत्य आहे. बॉम्बे टॉकीजचा ‘अछूत कन्या’ १९३६ चा. ब्राह्मण तरुण आणि रेल्वे फाटकावरील अस्पृश्य पहारेकऱ्याची मुलगी यांची ती कथा. अशोककुमार आणि देविका राणी यांच्या त्या जोडीला पडद्यावर मीलन लाभले नाही. दोघांचीही लग्ने आपापल्या जातीत लागली आणि अखेरीस नायिकेने रेल्वेखाली प्राण गमावला.

त्याच वर्षी, म्हणजे १९३६ मध्येच, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाच्या अधिवेशनासाठी लिहिलेले आणि प्रत्यक्षात न झालेले भाषण स्वखर्चाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. सहभोजनाने जात मोडत नाही. रक्ताचे नाते जुळल्याखेरीज आपलेपणाची भावना निर्माण होत नाही आणि म्हणून आंतरजातीय विवाह हाच जातीवरील खरा उपाय होय, अशी मांडणी त्यांनी केली. शास्त्रांच्या पावित्र्यावरील श्रद्धा ढळल्याशिवाय असे विवाह होणार नाहीत, हेही त्यांनी पुढे सांगितले. एकाच वर्षी पडद्याने प्रश्न विचारला आणि ग्रंथाने उत्तर दिले. पडद्याने मात्र पुढील काळात ते उत्तर फारसे मनावर घेतले नाही.

१९५९ मध्ये बिमल रॉय यांनी ‘सुजाता’त अस्पृश्य कुळात जन्मलेल्या मुलीला ब्राह्मण घरातील तरुणाचा हात मिळवून दिला; पण त्यासाठी तिला आधी स्वतःचे रक्त देऊन पालक आईचे प्राण वाचवावे लागले. प्रेम करण्याची पात्रता तिला त्यागाने सिद्ध करावी लागली. त्यानंतरच्या लोकप्रिय हिंदी प्रेमकथांतून जात जवळजवळ हद्दपारच झाली. ‘बॉबी’ (१९७३) मध्ये धर्म वेगळे होते, तरी भांडण रंगले ते श्रीमंती-गरिबीचे. ‘एक दूजे के लिए’ (१९८१) मध्ये भाषा आडवी आली. ‘कयामत से कयामत तक’ (१९८८) मध्ये दोन ठाकूर घराण्यांचे वैर होते. म्हणजे प्रेमिकांचा मृत्यू ओढवला तरी जात सुरक्षितच राहिली. ‘मैंने प्यार किया’ (१९८९) मध्ये पुन्हा पैसा आला. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ (१९९५) ने तर प्रेमविवाहाची नवी आचारसंहिताच घालून दिली. नायिकेची आई पळून जाण्यास सांगत असतानाही नायक पळत नाही. तो वडिलांच्या होकारासाठी थांबतो. प्रेम करा, पण परवानगीने, हा संदेश मध्यमवर्गाला इतका भावला की मुंबईच्या मराठा मंदिरात तो चित्रपट पुढे वर्षानुवर्षे चालत राहिला. वडिलांची परवानगी मिळू शकते, ही ज्यांच्यासाठी शक्यताच नव्हती, त्यांची कथा या आचारसंहितेत बसणारी नव्हती.

मराठी पडद्याची वाट

मराठी चित्रपटाने या बाबतीत हिंदीपेक्षा थोडे अधिक धैर्य दाखविले, असे म्हणता येईल. जब्बार पटेल यांनी ‘मुक्ता’ (१९९४) मध्ये सवर्ण घरातील मुलगी आणि दलित चळवळीतील तरुण यांचे नाते मांडले. राजीव पाटील यांच्या ‘जोगवा’ (२००९) ने देवीला सोडलेल्या जोगता आणि जोगतीण यांच्या माणूस म्हणून जगण्याच्या, प्रेम करण्याच्या हक्काचा प्रश्न उभा केला. परंतु मल्टिप्लेक्सच्या काळात गाजलेल्या शहरी मराठी प्रेमकथा बहुतांशी सुरक्षित अंगणातच खेळल्या. सतीश राजवाडे यांच्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’ (२०१०) या देखण्या चित्रपटात पुण्याला मुलगा पाहण्यासाठी, खरे तर त्याला नकार देण्यासाठी आलेली तरुणी एका अनोळखी तरुणासोबत दिवस घालविते आणि अखेर हा अनोळखी तरुण म्हणजेच घरच्यांनी सुचविलेला मुलगा निघतो. प्रेम झाले आणि स्थळही तेच राहिले! प्रेमविवाह आणि ठरवून केलेला विवाह यांतील सारा तणाव एका गोड योगायोगाने मिटला.

‘टाइमपास’ (२०१४) मध्ये दगडू परब आणि प्राजक्ता लेले यांच्यामधील दरी आडनावांतून, घरातील भाषेतून, संगीताच्या आवडीतून पदोपदी जाणवत राहते. चित्रपट मात्र तिला ‘संस्कारां’चा फरक मानतो आणि विनोदाने पुढे जातो. त्याच वर्षी १४ फेब्रुवारी रोजी, म्हणजे प्रेमाचा दिवस म्हणून साजरा होणाऱ्या तारखेलाच, नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. कैकाडी समाजातील जब्या आणि त्याची वर्गमैत्रीण शालू यांच्यात एक संवादही होत नाही. तिच्यादेखत गावातील डुकरे धरण्याची पाळी त्याच्यावर येते तेव्हा त्या मूक प्रेमाचा शेवट होतो. जातीने नाकारलेले प्रेम म्हणजे केवळ विरह नव्हे, ती अप्रतिष्ठा असते, हे मराठी प्रेक्षकाने तेव्हा प्रथमच इतक्या जवळून पाहिले.

आणि मग २९ एप्रिल २०१६ रोजी ‘सैराट’ आला. करमाळा परिसरातील पाटलाची मुलगी आर्ची आणि मासेमारी करणाऱ्या कुटुंबातील परश्या यांच्या या कथेने मराठी चित्रपटाला १०० कोटींचा पल्ला प्रथमच दाखविला. बर्लिनच्या महोत्सवात तो दाखविला गेला, रिंकू राजगुरूच्या अभिनयाची राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष दखल घेतली गेली आणि कन्नड, पंजाबी, ओडिया, बंगाली व हिंदीत त्याच्या आवृत्त्या निघाल्या. पूर्वार्धातील बेभान गाणी आणि अखेरीस रक्ताने माखलेली चिमुकली पावले, यांमधील विरोध हाच त्या चित्रपटाचा आशय होता. २०१८ मध्ये त्याचे ‘धडक’ हे हिंदी रूप आले तेव्हा कथा उदयपूरला गेली आणि मूळ चित्रपटातील जातीची धार वाटेतच बोथट झाली.

‘सैराट’च्या यशाबद्दल बरेच लिहिले गेले, त्या यशाचे पुढे काय झाले, याची चर्चा तुलनेने कमी झाली. चित्रपटातील ‘झिंगाट’ हे गाणे महाराष्ट्रातील प्रत्येक वरातीचे अनिवार्य अंग बनले. नागपुरात तर धुमाल पार्टीने त्याला आपला खास ठेका दिला. लग्नसराईत शहरातील कोणत्याही मंगल कार्यालयाबाहेर हे गाणे आजही ऐकू येते. परंतु ज्या वरातीत ते वाजते, ती वरात बहुधा जातीतूनच निघालेली असते. शहराच्या सभागृहांतून समाजवार उपवर-वधू परिचय मेळावे भरतात, जाडजूड परिचयपुस्तिका निघतात. कुणबी समाजात तिरळे, झाडे, खैरे, बावणे अशी पोटविभागणीही स्थळ पाहताना आठवते. बौद्ध समाजाचेही स्वतंत्र मेळावे होतात. वृत्तपत्रांतील विवाहविषयक जाहिरातींत ‘जातीचे बंधन नाही’ असे औदार्य दाखवून लगेच पुढे ‘एससी, एसटी क्षमस्व’ असे लिहिण्याचा प्रघात अनेक वाचकांच्या परिचयाचा आहे. बंडाचे गाणे समाजाने स्वीकारले, बंड मात्र पडद्यावरच ठेवले. भारत मानव विकास सर्वेक्षणाच्या २०११-१२ च्या फेरीत देशातील आंतरजातीय विवाहांचे प्रमाण सुमारे ५ टक्के आढळले होते. पडद्यावर दर शुक्रवारी प्रेमविवाह होणाऱ्या देशातील हा आकडा आहे.

‘सैराट’मधील हिंसा अतिरंजित आहे, असे म्हणणाऱ्यांनी एक तारीख लक्षात ठेवावयास हवी. २८ एप्रिल २०१४ रोजी, म्हणजे चित्रपट येण्याच्या दोन वर्षे एक दिवस आधी, तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे १७ वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याची हत्या झाली. गावातील सवर्ण मुलीशी तो बोलतो, असा संशय हे त्यामागील कारण असल्याचे पुढे आले. खटल्यात अनेक साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने सर्व आरोपींची निर्दोष मुक्तता केली. तोवर ‘सैराट’ पाहून डोळे पुसणारा महाराष्ट्र पुढच्या चित्रपटाकडे वळला होता.

पडद्यावर न आलेले नागपूर

या पार्श्वभूमीवर नागपूरचे स्थान विलक्षण आहे. सुभाष घई आणि राजकुमार हिरानी या दोघांचा जन्म याच शहरातला; मात्र त्यांच्या गाजलेल्या प्रेमकथांत नागपूर दिसत नाही. मराठी पडद्यावर प्रेमाची भाषा दीर्घकाळ पुण्या-मुंबईचीच राहिली. वऱ्हाडी बोली पडद्यावर आणि दूरचित्रवाणीवर ऐकू येते ती बहुधा हशा पिकविण्यासाठी. वऱ्हाडी बोलणारा माणूस गमतीदार असतो, तो व्याकूळ होऊ शकतो, कोणाची वाट पाहत उभा राहू शकतो, हे चित्रपटकारांना सुचले नाही. अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्स ही ठिकाणे शहरातील कित्येक पिढ्यांच्या प्रेमाची साक्षीदार आहेत. १४ फेब्रुवारीला तेथे जोडप्यांना हुसकावणाऱ्या कार्यकर्त्यांच्या बातम्याही शहराने वर्षानुवर्षे वाचल्या. पडद्याने मात्र या तळ्यांची फारशी दखल घेतली नाही.

ही उणीव काही प्रमाणात भरून काढली ती ‘झुंड’ने. ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झालेला नागराज मंजुळे यांचा हा हिंदी चित्रपट, हिस्लॉप महाविद्यालयातील निवृत्त क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्या झोपडपट्टी फुटबॉलच्या कार्यावर आधारलेला आहे. अमिताभ बच्चन त्यात प्रशिक्षकाच्या भूमिकेत असल्याने त्याची चर्चा क्रीडापट म्हणूनच झाली. तथापि, त्याच्या पोटात एक प्रेमकथाही आहे. अंकुश ऊर्फ डॉन हा वस्तीतील मुलगा महाविद्यालयात शिकणाऱ्या भावनाकडे पाहतो आणि तिच्यासमोर उभे राहताना त्याला प्रथमच स्वतःची लाज वाटते. ही भूमिका करणारा अंकुश गेडाम हा नागपूरचाच तरुण. पदार्पणासाठी त्याला पुढे फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. दिग्दर्शकाने या प्रेमाला ना पळून जाण्याची वाट दिली, ना लग्नाची. नजर, संकोच आणि थोडी मैत्री एवढ्यावरच ते राहते. महाविद्यालयाचे मैदान आणि वस्ती यांच्यामध्ये एक भिंत आहे. मैदानावरची मुले आणि वस्तीतली मुले यांना वेगळे ठेवणारी ती भिंत कोणत्याही खलनायकापेक्षा प्रभावी ठरते.

याच चित्रपटात रिंकू राजगुरूने मोनिका या आदिवासी मुलीची भूमिका केली आहे. परदेशी जाण्याच्या कागदपत्रांसाठी तिला आणि तिच्या वडिलांना कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागतात. आपण कोण आहोत, हेच त्यांना सिद्ध करता येत नाही. ‘सैराट’मधील पाटलाची तोऱ्यात वावरणारी मुलगी येथे ओळखीच्या एका कागदासाठी रांगेत उभी दिसते. प्रेम असो वा फुटबॉल, भिंत ओलांडायची तर कागद लागतो, हे सूत्र मंजुळे यांनी नेमके पकडले आहे.

आणि तरीही नागपूरची सर्वांत मोठी आंतरजातीय जोडी ‘झुंड’च्या कितीतरी आधी या शहराने डोळ्यांनी पाहिली होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून डॉ. आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा त्यांच्यासोबत दीक्षा घेणाऱ्या होत्या सविता आंबेडकर, म्हणजे माईसाहेब. जन्माने सारस्वत ब्राह्मण असलेल्या डॉ. शारदा कबीर यांच्याशी बाबासाहेबांनी १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत नोंदणी पद्धतीने विवाह केला होता. १९३६ मध्ये जो उपाय त्यांनी कागदावर मांडला, तो त्यांनी स्वतःच्या जीवनात आणला. ज्या लाखोंनी त्या दिवशी मैदानावर धम्म स्वीकारला, त्यांच्यासमोर व्यासपीठावर एक आंतरजातीय दांपत्य उभे होते, या गोष्टीकडे दीक्षाभूमीच्या इतिहासात फारसे लक्ष वेधले जात नाही. जब्बार पटेल यांच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ (२०००) या चित्रपटात मृणाल कुलकर्णी यांनी माईसाहेबांची भूमिका केली. पण प्रौढ वयातील दोन सुशिक्षित व्यक्तींच्या या नात्याला स्वतंत्र कथा म्हणून पडद्याने अद्याप फारसा न्याय दिलेला नाही.

चित्रपट संपल्यानंतर

प्रेमकथा जेथे संपते, तेथून प्रत्यक्षातील जोडप्याची खरी परीक्षा सुरू होते. पडद्यावर दोन हार आणि एक सही पुरते. कायद्याचा मार्ग एवढा सरळ नाही. हिंदू आणि बौद्ध अशा जोडप्याला १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली लग्न करता येते, कारण तो कायदा बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू आहे. परंतु त्यासाठी दोघांपैकी एकाच्या रूढीप्रमाणे विधी व्हावे लागतात. ज्यांना विधी नको आहेत किंवा ज्यांचे धर्म याही पलीकडे भिन्न आहेत, त्यांच्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवे. नोटीस द्यावी लागते, ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात ठळक जागी लावली जाते आणि ३० दिवसांत कोणीही आक्षेप नोंदवू शकतो. एवढेच नव्हे, तर वर किंवा वधूचे कायमचे वास्तव्य दुसऱ्या जिल्ह्यात असेल, तर नोटिशीची प्रत त्या जिल्ह्यातही लावण्यासाठी पाठविली जाते. म्हणजे गावातून जीव मुठीत धरून नागपुरात आलेल्या जोडप्याचा ठावठिकाणा सरकारी टपालानेच त्यांच्या जिल्ह्यापर्यंत पोहोचतो. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये ही जाहीर नोटीस जोडप्याच्या इच्छेवर सोडली पाहिजे, असा निर्णय दिला. कायद्यातील तरतूद मात्र बदलली गेली नाही.

न्यायालयांनी या प्रश्नावर वेळोवेळी स्पष्ट भूमिका घेतली आहे. आंतरजातीय विवाह राष्ट्रहिताचे आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लता सिंह प्रकरणात म्हटले. २७ मार्च २०१८ रोजी ‘शक्ती वाहिनी’ खटल्यात दोन सज्ञान व्यक्तींच्या विवाहात खाप किंवा तत्सम पंचायतींनी हस्तक्षेप करणे बेकायदा ठरविले आणि प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष, जोडप्यांसाठी सुरक्षित निवारागृहे असावीत, असे निर्देश दिले. विधी आयोगाने त्यापूर्वी, २०१२ च्या २४२ व्या अहवालात, अशा हस्तक्षेपाविरुद्ध स्वतंत्र कायद्याचा मसुदाच सादर केला होता. केंद्राने तो कायदा केला नाही. महाराष्ट्र विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये, म्हणजे ‘सैराट’ आला त्याच महिन्यात, सामाजिक बहिष्कारविरोधी विधेयक मंजूर केले आणि ३ जुलै २०१७ पासून तो कायदा अमलात आला. जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध असा कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य ठरले. आंतरजातीय जोडप्यांना ५० हजार रुपयांचे प्रोत्साहनपर साहाय्यही राज्यात दिले जाते.

एकीकडे राज्य असे साहाय्य देते, तर दुसरीकडे त्याच राज्याची नजर जोडप्यांवर रोखलेली दिसते. १३ डिसेंबर २०२२ रोजी, नागपूरचे हिवाळी अधिवेशन अवघ्या काही दिवसांवर असताना, महिला व बालविकास विभागाने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाह केलेल्यांची माहिती घेण्यासाठी समन्वय समिती नेमली. टीका होताच दोनच दिवसांत ‘आंतरजातीय’ हा शब्द वगळण्यात आला, ‘आंतरधर्मीय’ राहिला. वसईच्या तरुणीची दिल्लीत झालेली निर्घृण हत्या त्या वेळी साऱ्यांच्या मनात ताजी होती आणि कुटुंबापासून तुटलेल्या मुलींना आधार देणे हा उद्देश असल्याचे शासनाचे म्हणणे होते. तो उद्देश मान्य केला, तरी मदत हवी असलेल्या मुलीसाठी दार उघडे ठेवणे आणि मदत न मागणाऱ्या सज्ञान जोडप्याची नोंद ठेवणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘लव्ह जिहाद’ आणि सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध कायद्याचा अभ्यास करण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात सदस्यांची समिती स्थापन झाली. तिचा शासन निर्णय निघाला तो दिवस १४ फेब्रुवारी होता. फसवणूक आणि सक्ती यांना कायद्यात शिक्षा असलीच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. परंतु प्रेमाकडे आधी संशयाने पाहायचे आणि मग त्याने निर्दोषत्व सिद्ध करायचे, ही पद्धत रुजली तर तिचा पहिला फटका निष्पाप जोडप्यांनाच बसतो.

नेमकी अशीच विसंगती प्रेक्षकाच्या वर्तनातही आहे. चित्रपटगृहाच्या अंधारात तो आर्ची-परश्याच्या बाजूने असतो. दिवे लागले की तो आर्चीच्या वडिलांच्या खुर्चीत जाऊन बसतो. यासाठी केवळ चित्रपटकारांना दोष देऊन भागणार नाही. चित्रपट समाजाच्या पुढे फार तर चार पावले चालू शकतो; समाज जागचा हललाच नाही, तर पुढच्या वेळी निर्मातेही ‘सैयारा’चीच वाट धरतात. ‘धडक २’ ला सेन्सॉर मंडळाने अनेक बदल सुचविले आणि प्रेक्षकांनी मर्यादित प्रतिसाद दिला. जातीचा उच्चार करणारी प्रेमकथा काढण्याचे धाडस यानंतर किती निर्माते करतील, हा प्रश्न उरतोच.

अपेक्षा फार मोठ्या नाहीत. विशेष विवाह कायद्याखालील नोटिशीमुळे जोडप्याचा पत्ता उघड होणार नाही, अशी तरतूद व्हावी. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेली निवारागृहे कागदावर न राहता प्रत्येक जिल्ह्यात चालू असावीत आणि त्यांचे दूरध्वनी क्रमांक महाविद्यालयांच्या फलकांवर झळकावेत. प्रोत्साहनाची रक्कम संसार मांडण्याच्या दिवसांतच जोडप्याच्या हाती पडावी. आणि ज्या शहराने एका आंतरजातीय दांपत्याच्या साक्षीने नव्या जीवनाची प्रतिज्ञा घेतली, त्या शहरातील घरांनी निदान आपल्या मुलामुलींचे म्हणणे पुरते ऐकून घ्यावे. येत्या लग्नसराईतही नागपुरात धुमाल वाजेल, ‘झिंगाट’वर काका-मामा नाचतील. त्यांच्यापैकी एखाद्याच्या घरी त्याच रात्री मुलगी दुसऱ्या जातीतील मुलाचे नाव घेऊन समोर उभी राहील. तेव्हा तो काय उत्तर देतो, यावर ‘सैराट’ त्याला कळला की नाही, हे ठरणार आहे.